आईच्या खोलीसाठी दोन पिवळे: रंगकामाच्या नोंदी

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

खोली रिकामी केली. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरातली जुनी इमारत, दुसरा मजला. खोली दहा बाय अकरा, उंची साडेनऊ फूट, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. दार, खिडकी आणि भिंतीतलं कपाट वजा करून रंगवायच्या भिंती साधारण ३२० चौरस फूट भरल्या. टेपने मोजून वहीत लिहिलं.

जुना रंग फिका आकाशी, बारा वर्षांपूर्वीचा. आईला आता पिवळा हवाय. तिच्या माहेरी दर वर्षी चुन्यात पिवडी (रंगकामाची पिवळी माती) कालवून भिंतींना हात द्यायचे, ते तिच्या मनात आहे. तिचं वय ७४. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, उजव्याचं दिवाळीनंतर करायचंय. दिवसातला बराचसा वेळ ती याच खोलीत असते, त्यामुळे रंग तिला पटेल तोच.

शेडकार्डावरून दोन पिवळे काढले. कार्डावरची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून आईने ठेवलेलीच नावं इथे वापरते. एक 'केळं': सोललेल्या केळ्यासारखा फिका, स्वच्छ पिवळा. दुसरा 'डाळ': हरभऱ्याच्या डाळीसारखा, थोडा मातकट, किंचित तांबूस. कार्डावर केळं प्रसन्न दिसलं आणि डाळ जुनाट वाटली. दुकानातल्या ट्यूबखाली दोन मिनिटं बघून मी केळं ठरवलं आणि चार लिटरचा डबा तिथल्या तिथे मशीनवर करून घेतला. १,८४० रुपये.

नंतरची भर: हा डबा त्या दिवशी घ्यायला नको होता. त्याचं कारण ७ ऑक्टोबरच्या नोंदीत आहे.

रविवार, २९ सप्टेंबर

दिवसभर पत्र्याने खरवडणं. तीन भिंतींवरचा जुना रंग घट्ट आहे, तो तसाच ठेवून फक्त सँडपेपर मारला. खिडकीखाली मात्र दोन फूट उंचीचा पट्टा पोपडे धरून सुटत होता आणि आतून पांढरा लोणा फुटलेला. २५ तारखेच्या मोठ्या पावसात चौकटीच्या फटीतून पाणी आत आलं होतं, ते मुरलेलं असणार.

ओल आहे की वाळली हे हाताने कळत नाही. दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून ठेवला. चोवीस तासांत आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल अजून भिंतीत आहे असं समजायचं.

खिडकीच्या लाकडी चौकटीवर तेलरंगाचे चार-पाच थर निघाले, त्यात एक गडद पिवळा. जुन्या पिवळ्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता बरीच असते. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि ही चौकट त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून तिथे कोरडं घासलं नाही. पाणी लावून वॉटरपेपरने घासलं, गाळ ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधला, आणि तोवर आईला बाहेरच्या खोलीत बसवलं. तीन तास गेले.

सोमवार, ३० सप्टेंबर

प्लास्टिकखाली थेंब. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचं काम पुढे ढकललं. फट बाहेरून भरून घेतली, सामानाचे ३१० रुपये. खोलीत टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावून ठेवला.

बुधवार, २ ऑक्टोबर

नवीन प्लास्टिक लावलं होतं, ते कोरडं निघालं. रंगारीकाका आले. लांबी भरायचं काम मी त्यांना दिलंय: दोन दिवस, दिवसाला १,२०० रुपये. रंगाचे हात मी स्वतः मारणार. लांबी सपाट ओढायला मनगटाची सवय लागते. मागे मी केलं होतं तेव्हा बाजूने उजेड पडला की भिंतीवर लाटा दिसायच्या.

काकांनी केळ्याच्या डब्यात काठी बुडवून खिडकीपाशी धरली आणि म्हणाले, "ताई, हा आतून हिरवा आहे. खिडकीखालच्या भिंतीला तर नकोच. पिवडीच्या जातीतला घ्या, तो चुन्याला आणि लोण्याला टिकतो." ओला रंग वाळल्यावर बदलतो असं म्हणून मी ते सोडून दिलं. बदलतो हे खरंच आहे. पाण्यात मिसळायचे रंग ओले असताना दुधाळ दिसतात आणि वाळल्यावर थोडे गडद होतात. पण हिरवेपणा त्याने जात नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

लांबीचा दुसरा हात. मी कामावर गेले होते.

आज पहिली माळ आणि रंगही पिवळा. सकाळी लेडीज डब्यात पन्नास-साठ जणी पिवळ्यात, त्यामुळे पिवळ्याच्या जितक्या जाती असतील तितक्या एकाच दिव्याखाली बघायला मिळाल्या. हळदीच्या, झेंडूच्या, आमरसाच्या रंगाच्या साड्या डब्यात जशा होत्या तशाच फलाटावरच्या उन्हातही दिसल्या. लिंबाकडे झुकणारे कुर्ते मात्र डब्यात हिरवट होते आणि उन्हात एकदम स्वच्छ पिवळे झाले. घरचा रंगाचा डबा आठवला. तरीही शनिवारचं ठरलेलं काम मी थांबवलं नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

१८० नंबरच्या पेपरने लांबी घासली, भिंती झाडून ओल्या फडक्याने पुसल्या. मग प्रायमरचा एक हात. खिडकीसमोरच्या भिंतीवर जुना आकाशी काही ठिकाणी प्रायमरमधून अंधुक दिसत होता. वर रंग येणारच आहे म्हणून दुसरा हात मारला नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

त्याच भिंतीला केळ्याचा पहिला हात. साडेतीन तास लागले. संध्याकाळी बरा दिसला.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सकाळी सातला भिंत हिरवी. कच्च्या कैरीच्या फोडीला आतून जो रंग असतो, तो.

आई दारात उभी राहून म्हणाली, "हा पिवळा नाही गं." हे ती ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बघून म्हणाली हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

काम थांबवलं. आधी कारण शोधायचं ठरवलं. एका पांढऱ्या कागदावर केळ्याचे दोन हात मारून, वाळवून तो घरभर फिरवला. बाहेरच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीत, तो जवळजवळ कार्डासारखाच दिसला. गच्चीवर तर सुरेख. आईच्या खोलीत नेला की हिरवा, पण भिंतीइतका नाही. म्हणजे काही दोष खोलीतल्या उजेडाचा आणि काही भिंतीचा.

उजेडाचं कारण खिडकीतच दिसलं. समोरच्या इमारतीचं पुनर्विकासाचं काम चालू आहे आणि पूर्ण इमारतीला हिरवी जाळी लावलीय. उत्तरेच्या खिडकीला या दिवसांत थेट ऊन मिळत नाही, समोरून परतून येणारा उजेडच आत येतो, आणि तो सध्या त्या जाळीवरून येतोय. गेलं वर्षभर ती जाळी मी रोज बघतेय, पण आकाशी भिंतीवर तिचा परिणाम जाणवला नव्हता.

भिंतीचं कारण म्हणजे खालचा आकाशी. असे स्वच्छ, फिके पिवळे रंग झाकायला कमकुवत असतात, खालचं वर दिसतं. निळ्यावर पातळ पिवळा चढला की काय होतं ते शाळेच्या रंगपेटीतही बघितलेलं असतं. शनिवारी प्रायमरचा दुसरा हात मारला असता तर हा अर्धा भाग वाचला असता.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

डबा घेऊन दुकानात गेले. टिंट केलेला रंग परत घेत नाहीत. दुकानदाराने सरळ सांगितलं आणि त्यांचंही बरोबर आहे, तो रंग दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पण त्यांनी मशीनवर दोन्ही रंगांची कृती उघडून दाखवली. केळ्यात झगझगीत पिवळा आणि त्याची चमक मारायला काळ्याचे थोडे थेंब. पिवळ्यात काळा गेला की तो हिरव्याकडे वळतो, म्हणून काकांना काठीवरच ते दिसलं. डाळीत पिवळा ऑक्साइड आणि किंचित लाल ऑक्साइड. पिवळा ऑक्साइड म्हणजे पिवडीतलाच लोहाचा रंग. तो झाकतोही चांगला.

रंग घेण्यापूर्वी ही कृती दुकानदाराकडून बघून घ्या. विचारलं की दाखवतात.

डाळीचा २०० मिलीचा नमुना घेतला, १७० रुपये.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आता भिंतीवर पट्टे मारायचे नाहीत. शेजारी आकाशी असला की कुठलाही पिवळा आहे त्यापेक्षा भडक दिसतो, आणि दोन पिवळे एकमेकांना लागून असले की एक दुसऱ्याला बिघडवतो. त्यासाठी मोठे कार्डशीट आणले, प्रत्येक रंगाचे दोन. प्रायमर मारल्यावर एका तासात चारही शीट पापडासारखे वळले. मागच्या बाजूलाही प्रायमर मारला आणि फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवले, तेव्हा सरळ झाले. प्रत्येकाला दोन हात, कडेने दोन इंच पांढरी किनार सोडून. हाताच्या तळव्याएवढ्या नमुन्यावरून काहीच कळत नाही, पाटाएवढा तरी तुकडा हवा.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दिवसभर पाहणी, मी रजा घेतली होती. शीट एका वेळी एकच, आईच्या पलंगामागे उभं करून.

सकाळी सात: केळं हिरवट, डाळ शांत. दुपारी बारा: जाळीवर ऊन, खोलीत सर्वांत जास्त हिरवा उजेड. केळं वाईट. डाळीतला तांबूसपणा त्या हिरव्याला मारतो आणि ती कार्डावर दिसत होती त्यापेक्षा फिकी, खरी पिवळी दिसते. संध्याकाळी पाचला दोन्ही मळकट. रात्री खोलीतली ट्यूब लावली, ती ६५०० केल्व्हिनची निळसर पांढरी (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). केळं पुन्हा हिरवं, डाळ राखाडी. पिवळा बल्ब लावून बघितला तर केळं छान आणि डाळ नारिंगी.

म्हणजे दिव्याचा निर्णयही रंगाबरोबरच घ्यायला हवा. मी तो शेवटावर ढकलला होता.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज आईला दोन्ही शीट दाखवले. ती म्हणाली, "दोन्ही सारखेच तर आहेत." मला समजेना, सोमवारी तिनेच तर भिंत नापसंत केली होती. मग बघते तर चष्म्यात केस अडकला म्हणून तिने डावा डोळा मिटलेला. उघडल्यावर म्हणाली, "थांब, वेगळे आहेत."

मग नीट करून घेतलं. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून, फक्त उजव्याने: दोन्ही एकच, ताकात हळद पडल्यासारखे, आणि शीटची पांढरी किनार कुठे संपते तेही सांगता येईना. उजव्यावर तळवा ठेवून, फक्त डाव्याने: "ह्या केळ्यात कच्चेपणा आहे, देठाशी असतो तसा. ही डाळ मात्र डाळच." तीनदा बदलून बघितलं, जागा अदलाबदल करून बघितलं, उत्तर तेच. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंगच पिवळसर-तपकिरी होत जातं, त्यामुळे फिका पिवळा आणि पांढरा यांतला फरक पुसला जातो. ऑपरेशनमध्ये ते जुनं भिंग काढून स्वच्छ भिंग बसवतात.

आई बराच वेळ एकेक डोळा झाकून खोलीभर बघत होती. देवघराच्या पितळी समईकडे, माझ्या साडीकडे, खिडकीकडे. मग म्हणाली, "गेली कितीतरी वर्षं मी सगळं ह्या उजव्यासारखंच बघत होते का?" मी हो म्हटलं.

उजवाही दिवाळीनंतर डाव्यासारखाच होणार. म्हणून डाव्या डोळ्याला जे दिसतं त्यावर ठरवायचं. पण तोवर दोन महिने उजवा डोळाही सोबत आहे, त्यामुळे आणखी एक तपासणी केली. पांढऱ्या स्विचबोर्डाचं रिकामं झाकण दोन्ही शीटवर धरलं. केळ्यावर उजव्या डोळ्याला ते दिसतच नाही, डाळीवर दिसतं. रात्री उठून बटण शोधणाऱ्या माणसाच्या खोलीत हा मुद्दा मोठा आहे. वयस्कर माणसाची खोली असेल तर हे नक्की करून बघा.

डाळ ठरली.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झाल्यावर डाळीचे दोन्ही शीट कोपऱ्यात काटकोनात उभे केले. एकट्या शीटला शांत दिसणारी डाळ कोपऱ्यात एकदम पेटली. चारही भिंती पिवळ्या असल्या की एकीचा रंग दुसरीवर पडतो आणि सगळा रंग गडद होत जातो. खोली दहा बाय अकरा म्हणजे भिंती जवळजवळ, तिथे हे जास्तच. पूर्ण डाळ चारही भिंतींना मारली असती तर हळदीकुंकवाच्या करंड्यात बसल्यासारखं झालं असतं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दुकानदाराला विचारलं, याच कृतीत रंग निम्मा टाकून देता येईल का? येतो, मशीनवर टक्के बदलता येतात. 'अर्धी डाळ' नमुना, आणखी १७० रुपये. दोन शीट, कोपरा, चारही वेळा बघणं, आईचे दोन्ही डोळे. कोपऱ्यात अर्धी डाळ बरोबर ती दिसते, जी एकट्या शीटवर पूर्ण डाळ दिसत होती. स्विचबोर्ड उजव्या डोळ्याला अजून दिसतो, पूर्वीइतका ठळक नाही, पण दिसतो.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

अर्धी डाळ, चार लिटर, १,६२० रुपये. डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आधी गुरुवारी रात्री केळ्याच्या भिंतीला प्रायमरचा हात मारून तो हिरवा बंद केला होता.

आज पहिला हात, चारही भिंती, सकाळी आठ ते दुपारी तीन. एक चूक झाली. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात मी पंखा पूर्ण वेगात ठेवला. आधी ब्रशने कडा, छताची रेघ आणि चौकटीभोवतीचा पट्टा सगळ्या खोलीत मारून घेतला आणि मग रोलर हातात घेतला. तोवर पट्टा वाळून गेला होता. वाळल्यावर प्रत्येक भिंतीला फोटोच्या चौकटीसारखी गडद किनार दिसायला लागली.

रविवार, २० ऑक्टोबर

दुसरा हात. पंखा बंद, खिडकी उघडी. चार फूट पट्टा मारायचा, तो ओला असतानाच त्यावर रोलर फिरवायचा, मग पुढचे चार फूट. किनार गेली. रोलर वरून खाली एकाच दिशेने संपवला.

मास्किंग टेप कालपासून तसाच होता. तो ओढल्यावर स्विचबोर्डाच्या कडेची लांबी बोटभर निघून आली. टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढायला हवा, आणि राहिलाच तर आधी ब्लेडने रेघ मारून. ती जागा भरणं, घासणं, प्रायमर, रंग यात आणखी दीड दिवस तुकड्या-तुकड्याने गेला.

बुधवार, २३ ऑक्टोबर

नवरा फोर्टहून येताना लोहार चाळीतून ४००० केल्व्हिनच्या दोन एलईडी ट्यूब घेऊन आला, ५८० रुपये. ३००० वाल्या दिव्यात भिंत सुंदर दिसत होती, पण आईला गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं लागत नव्हती. ४००० मध्ये अक्षरंही लागतात आणि भिंत पिवळीच राहते.

रविवार, २७ ऑक्टोबर

उद्या वसुबारस. सामान आत लावलं. खर्चाचा हिशेब: केळं १,८४०, अर्धी डाळ १,६२०, नमुने ३४०, प्रायमर ७२०, पुट्टी ४२०, फटीचं भरण ३१०, रोलर-ब्रश-ट्रे ५२०, सँडपेपर-टेप-प्लास्टिक-कार्डशीट ३८०, रंगारीकाका २,४००, ट्यूब ५८०. एकूण ९,१३० रुपये. दोन आठवड्यांत होईल असं वाटलेल्या कामाला चार आठवडे लागले. त्यातले तीन दिवस ओलीचे, बाकी सगळे केळ्याचे.

उरलेलं केळं स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीमधल्या बोळाला मारलं. तिथे खिडकी नाही, पिवळा बल्ब आहे, आणि प्रायमरचे दोन हात दिले. तिथे ते कार्डावरच्यासारखंच प्रसन्न दिसतं.

शनिवार, ७ डिसेंबर

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज काळा चष्मा थोडा वेळ काढून आईने पुन्हा एकेक डोळा झाकून भिंत बघितली. आता दोन्ही डोळ्यांना एकच डाळ. मग खोलीभर सावकाश फिरली आणि दाराच्या मागे थांबली. "इथे राहिलाय बघ एक हात." मला दिसेना. टॉर्च बाजूने लावला तेव्हा दिसलं: दाराच्या बिजागरीपासून वीतभर, कमरेच्या उंचीला, जिथे प्रायमरचा हात नीट पोचला नव्हता, तिथे केळ्याची हिरवट झाक अजून होती.

डब्यात ८०० मिली शिल्लक होता. त्या वीतभर जागेला प्रायमर मारला, उद्या सकाळी रंगाचे दोन हात देईन. उरलेला रंग काचेच्या बरणीत गच्च बंद करून, वर कृतीची चिठ्ठी चिकटवून कपाटाच्या माळ्यावर ठेवणार आहे.